उन्हात निवडलेला दिवा

आमच्या आळीने रस्त्यावरचे दिवे निवडले ते रविवारी सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात. वेळ मीच ठरवली होती. त्या सुमारास सगळ्यांचा नाश्ता झालेला असतो, मटणाच्या दुकानात गेलेले परत आलेले असतात आणि दुपारची झोप अजून लांब असते. गणपतीची बैठक असो नाहीतर पाण्याच्या टाकीचं भांडण, आमच्याकडे माणसं जमतात ती याच वेळेला. दिवा बघायचा तर तो लागलेला बघावा, हे त्या सकाळी चौकात जमलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आळी जुन्या कल्याणातली, खाडीच्या बाजूला हळूहळू उतरत जाणारी. कौलारू घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. मधेमधे आमच्यासारख्या चार मजली इमारती उभ्या राहिल्या. पण चौकातलं देऊळ, दगडी विहीर आणि आळीचं जुनं वळण तसंच आहे. म्हणून पालिकेच्या सुशोभीकरणाच्या योजनेत आमचा नंबर लागला. योजनेत फरशी होती, बसायला बाकं होती आणि मुख्य म्हणजे जुन्या धाटणीचे दिव्याचे खांब होते. विद्युत विभागाचा तरुण इंजिनिअर येऊन सांगून गेला, "नमुन्याचे खांब उभे करतो. तुम्ही रहिवाशांनी एक पसंत करा, सह्यांचं संमतीपत्र द्या, मग सगळ्या खांबांची ऑर्डर जाईल."

हे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. मी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात भांडार सांभाळते. कापसाच्या गठ्ठ्यापासून सलाईनच्या बाटलीपर्यंत काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय, हे मला झोपेतही सांगता येतं. यादी केल्याशिवाय हिला चहासुद्धा सुचत नाही, असं माझा नवरा लोकांना सांगत असतो. ते खोटं आहे. चहा सुचतो. चहा करताना साखर तळाला गेलेली दिसली तर ती लिहून ठेवते, इतकंच.

शनिवारी सकाळी चौकात तीन खांब उभे राहिले. दुपारच्या आत त्यांची बारशी झाली. पहिल्याच्या डोक्यावर गोल पांढरा गोळा होता, तो 'लाडू'. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना वेलबुट्टीचे हात आणि टोकांना सोनेरी रंग, तो 'नवरदेव'. तिसरा साधा काळा, वर चौकोनी काचेची पेटी आणि तिच्यावर छोटं छप्पर. त्याला सगळे 'कंदील' म्हणू लागले.

कंदिलाच्या बाजूने सर होते. सर म्हणजे आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे, आता निवृत्त; माझं माहेरही कल्याणातलंच, त्यामुळे मीही त्यांचीच विद्यार्थिनी. आळीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिरगाळलेले आहेत, त्यामुळे आजही ते बोलायला लागले की सगळे जरा ताठ उभे राहतात.

"लाडू बागेत ठेवा, नवरदेव हॉलवर पाठवा," सर म्हणाले. "आपल्या आळीत घासलेटचे दिवे होते तेव्हा ते असेच चौकोनी होते. माझ्या आजोबांनी पाहिलेले. आणि काच पिवळी हवी. तो पिवळा उजेड दगडावर पडला की बघा कसा दिसतो."

इंजिनिअरने पेटीचं झाकण उघडून दाखवलं. मधाच्या रंगाची काच उन्हात चमकली. खरंच सुंदर दिसत होती.

एवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला, "पिवळीच घ्या. लक्ष्मीचा रंग आहे."

त्या आमच्या फुलवाल्या मावशी. चौकाच्या कोपऱ्यात, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीला टेकून त्यांची टोपली असते. मी लग्न होऊन या आळीत आले तेव्हापासून ती तिथेच आहे. पहाटे फुलबाजारात जातात, दुपारी घरी गजरे आणि वेण्या ओवतात, चारनंतर कोपऱ्यावर येऊन बसतात; रविवारी तेवढ्या देवळातल्या गर्दीसाठी सकाळीही. कामावरून परतणाऱ्या बायका हेच त्यांचं खरं गिऱ्हाईक. संध्याकाळचे दोन-तीन तास चालले तर त्यांचा दिवस चालला.

"मावशी, तुम्हाला कंदील आवडला का?" मी विचारलं.

"मग? तो उभा राहणार माझ्या डोक्यावर. मला शोभायला नको?" त्या म्हणाल्या आणि हात वर केला. सगळ्यांत पहिला हात त्यांचा होता. पाठोपाठ बाकीचे हात गेले. माझाही गेला. मी तर आधीच गंज, रंग, पायाचे बोल्ट, काच पुसायला सोपी की अवघड, सगळं तपासून खुणा केल्या होत्या.

संमतीपत्र लगेच द्यायचं नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, "पसंत केलेला नमुना आधी जोडून देतो. चार दिवस बघा, मग सह्या करा." मला ही पद्धत आवडली. हॉस्पिटलातसुद्धा आम्ही नवीन हातमोजे आधी एका वॉर्डात देऊन बघतो.

तुळशीची लग्नं झाली आणि त्याच आठवड्यात कंदील लागला, मावशींच्या कोपऱ्यावर. नवा दिवा नीट दिसावा म्हणून शेजारच्या विजेच्या खांबावरचा पांढराफटक दिवा काढला. संध्याकाळी सहाच्या पुढे तो पिवळा उजेड चौकात पसरला तेव्हा लोक गॅलऱ्यांमधून बाहेर वाकले. देवळाचा दगड सोन्यासारखा झाला. पोरी मोबाईल घेऊन खांबाला टेकून फोटो काढायला लागल्या. ग्रुपवर इतके फोटो आले की माझा फोन गरम झाला. सर विहिरीच्या कठड्यावर बसून सगळ्यांचं कौतुक स्वीकारत होते. मावशी ऐटीत टोपलीमागे बसल्या होत्या. "आता मी सिनेमातली फुलवाली," म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशी संमतीपत्राचा मजकूर लिहायला घेतला.

तीन-चार संध्याकाळी गेल्या. ठाण्याहून परतताना मी रोज मावशींकडे थांबते, देवाला निशिगंधाची फुलं आणि मला एक गजरा घेते. त्या दिवशी माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिने कागड्याचा गजरा उचलला, उजेडात धरला, हुंगला आणि परत ठेवला.

"आजचाच आहे ना?"

"आजचाच! पहाटे बाजारात मी काय झोपायला गेलेले?"

"पिवळा पडलाय हो. कालचा वाटतो."

"वास घेतला ना तुम्ही? कालच्याला असा वास येतो?"

"राहू दे," म्हणून ती बाई निघून गेली.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लोकांचे डोळे बिघडलेत, ताई. चार दिवस झाले, जो तो हेच विचारतोय. आजचाच का, आजचाच का. टोपली भरलेली घेऊन येते, अर्धी भरलेली घेऊन जाते."

मी टोपलीत पाहिलं. पांढरी शेवंती मळकट दिसत होती. निशिगंध तर काल-परवाचाच वाटत होता. मी गजरा उचलला. हाताला गार, टवटवीत लागला, पण डोळ्यांना शिळा. वस्तू तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मला राहवलं नाही. गजरा घेऊन मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या दारात गेले. तिथल्या पांढऱ्या ट्यूबखाली गजरा दुधासारखा पांढरा झाला. परत कंदिलाखाली आणला, पिवळा. दारात नेला, पांढरा.

मावशी मान वळवून वळवून हा सगळा प्रकार बघत होत्या.

"अगं आई गं," शेवटी त्या म्हणाल्या. "हा मेला कंदील!"

"मावशी, आपण आजच सांगू सगळ्यांना."

"नको नको. कोणाला बोलू नका." त्यांनी माझा हात धरला. "सगळ्यांत आधी हात मीच वर केलेला. लक्ष्मीचा रंग म्हणून ओरडलेले. आता काय तोंडाने सांगू? सर तर आळीभर सांगत फिरतील."

"मग काय करणार?"

"मी बॅटरीचा दिवा आणते माझ्या टोपलीपुरता."

त्यांनी तो आणलाही. एक तास जळला, त्याच्याभोवती किडे जमले आणि गिऱ्हाइकांपेक्षा किड्यांनीच फुलं जास्त चाळली. दुसऱ्या दिवशी मावशी दिवा विसरून आल्या. मला वाटतं मुद्दाम.

"मार्गशीर्ष तोंडावर आलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चार गुरुवार म्हणजे माझी दिवाळी. घरोघरी घटाला वेण्या लागतात, हार लागतात. बाईने देवीसाठी घेतलेली वेणी शिळी दिसली तर ती परत येणार आहे का माझ्याकडे? आणि सगळीकडे हेच दिवे लागल्यावर मी कुठे बसू? स्टेशनकडे जागा नाही, तिथे एकेकीची जागा ठरलेली आहे. या कोपऱ्यावरून उठले तर मी उठलेच."

घरी येऊन मी संमतीपत्राचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि इंजिनिअरला फोन केला. काच बदलता येईल का, एवढंच विचारलं.

"सह्यांचं पत्र आलेलं नाही ना अजून? मग येईल," तो म्हणाला. "खांब तोच, पेटी तीच, काच दुसरी. दिव्याची छटाही बदलून मिळते. पण मॅडम, सगळ्यांचं एकमत आणा. ऑर्डर गेली की मग माझ्या हातात काही नाही."

एकमत म्हणजे सर. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. मावशींचं नाव घ्यायचं नाही असं ठरवून गेले होते, त्यामुळे मला उगाचच लांबून वळसा घ्यावा लागला. पिवळ्या उजेडात रंग नीट दिसत नाहीत, असं लोक म्हणतात, वगैरे.

"कोण लोक?" सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पांढरी काच लावली की झाला दवाखाना. तू हॉस्पिटलात काम करतेस म्हणून तुला सगळीकडे तसलाच उजेड लागतो का गं?"

मग मला आमचा चित्रकलेचा वर्ग आठवला.

"सर, शाळेत ढग आले की तुम्ही काय करायचात आठवतं? वर्गात पिवळा बल्ब होता. तो लावला की तुम्ही आमच्या रंगपेट्या बंद करायला लावायचात. आज रंग नाही, आज नुसती पेन्सिल. एकदा मी ऐकलं नाही आणि बल्बखाली पोपटाला रंग दिला. तुम्ही तो दुसऱ्या दिवशी खिडकीशी नेऊन सगळ्या वर्गाला दाखवलात."

"निळा झाला होता का?"

"चिखलाच्या रंगाचा."

सर हसायचे थांबेचनात. मग एकदम गंभीर झाले. "म्हणजे आता तू मला माझंच शिकवणार." थोडा वेळ त्यांनी दाढी खाजवली. "ठीक आहे. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानणार नाही. दोन्ही दिवे समोरासमोर लावायला सांग."

इंजिनिअरने चौकाच्या दुसऱ्या बाजूला नमुन्याची दुसरी पेटी बसवून दिली, साध्या, किंचित धुरकट काचेची. आत दिवाही मऊ पांढऱ्या छटेचा. मी ग्रुपवर लिहिलं: उद्या संध्याकाळी सव्वासहाला चौकात यावे. येताना जिचा रंग आपल्याला पक्का माहीत आहे अशी एक वस्तू आणावी.

लगेच एकीचा प्रश्न आला, "नवरा चालेल का?"

"रंग पक्का असेल तर आणा," मी उत्तर दिलं. त्यावर हसरे चेहरे अजून येत होते तेव्हा मी भांडी घासून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी चौकात जत्रा भरली. कोणी हळदीकुंकवाचा करंडा आणला, कोणी टोमॅटो, कोणी लग्नातला शालू. दुकानदाराने मोरपंखी म्हणून दिलेली साडी घेऊन एक शेजारीण आली. पिवळ्या दिव्याखाली ती शेवाळासारखी दिसली, दुसऱ्या दिव्याखाली मोरपंखी झाली, आणि तिने दुकानदाराला मनोमन माफ केलं. करंड्यातलं कुंकू पिवळ्या उजेडात विटकरी झालं होतं. माझ्या नवऱ्याने स्वतःचे मोजे आणले. काळे म्हणून. धुरकट काचेखाली त्यातला एक काळा आणि एक गडद निळा निघाला.

"असाच जातोस ऑफिसला?" मी विचारलं.

"यादीत टाक," तो म्हणाला.

मावशी कोपऱ्यावरच होत्या. उठल्या नव्हत्या. माणसं या दिव्याकडून त्या दिव्याकडे जात होती आणि त्या टोपलीवर ओला फडका टाकून नुसत्या बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली: नाही.

मग सर आले. त्यांच्या काखेत एक चौकट होती. त्यांनी तरुणपणी काढलेलं आमच्या आळीचंच चित्र: संध्याकाळ, कौलं, देवळाचं शिखर आणि वर मोठं आकाश. मी ते त्यांच्या भिंतीवर कितीदा पाहिलं होतं. आधी ते मुद्दाम कंदिलाखाली गेले. कौलं पेटल्यासारखी दिसली, लोकांनी वाहवा केली. सरांनी चित्र जवळ धरलं, लांब धरलं. मग चौक ओलांडून दुसऱ्या दिव्याखाली नेलं.

तिथे आकाश निळं होतं. जांभळट कडेचं, चांगलं गडद निळं.

ते परत कंदिलाखाली आले. आकाश राखाडी झालं.

"माझं आकाश कुठे गेलं?" सर म्हणाले. कोणालाच उद्देशून नव्हतं ते.

तेवढ्यात मावशी उठल्या. टोपली कमरेवर घेतली, सरळ चौकाच्या मध्ये आल्या, फडका ओढून काढला आणि एक गजरा सरांच्या चित्रासमोर धरला.

"आकाश गेलं ते गेलं, सर. माझी फुलं म्हातारी केली तुमच्या कंदिलाने. आठवडा झाला, जी बाई येते ती विचारते, कालचा का. पहाटेचा माल आहे हा!"

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि पहिला हात कोणाचा वर गेला होता?"

"माझा," मावशी म्हणाल्या. "मग आता खाली पण पहिला माझाच. घ्या!" आणि त्यांनी खरोखरच हात वर करून धाडकन खाली आणला.

आधी सर हसले, मग सगळा चौक. बायका टोपलीभोवती जमल्या, गजरे घेऊन या दिव्याखालून त्या दिव्याखाली पळू लागल्या. "बघ, बघ, पांढरा झाला!" एकीने तर, "अहो मावशी, परवा मी तुमची वेणी परत दिली होती, माफ करा हो," म्हणून दोन वेण्या घेतल्या. मावशींनी त्या बांधून दिल्या, पण तोंड वाकडं करूनच.

पत्र सरांनीच सांगितलं, मी लिहिलं. खांब तोच, पेटी तीच, छप्पर तेच, काच साधी धुरकट. उजेड पिवळाधमक नको आणि पांढराफटकही नको. सर म्हणाले, "दुधात केशराची एक काडी पडते ना, तेवढाच." इंजिनिअरने ते वाचून विचारलं, "मॅडम, केशर ऑर्डरमध्ये कसं लिहू?" मग त्याच्या भाषेत त्याने छटेचा आकडा लिहिला आणि सह्या झाल्या. मावशींची सही पहिली. ती त्यांनी मागून घेतली.

बाकीचे खांब लागायला वेळ लागला, पण नमुन्याचा कंदील होता तिथेच राहिला. त्याची काच आणि आतला दिवा मार्गशीर्षाच्या आधी बदलून मिळाला. पहिल्या गुरुवारी मी ठाण्याहून आले तेव्हा कोपऱ्यावर रांग होती. मावशींना मान वर करायला फुरसत नव्हती. माझी वेणी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, ती फेकल्यासारखी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पुढे सरका ताई, उजेड अडवू नका."

आता सगळी आळी त्या दिव्यांनी उजळते. बाहेरचे लोक येऊन विचारतात, काचेची कल्पना कोणाची? सर म्हणतात माझी. मावशी म्हणतात माझी. माझा नवरा म्हणतो, माझ्या मोज्यांची.

त्या पहिल्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारची गोष्ट मात्र सांगायची राहिली. गर्दी ओसरली होती. मावशी टोपलीमागे बसल्या होत्या आणि चेहरा चांगलाच उतरला होता.

"काय झालं मावशी? काल तर टोपली पुरली नाही म्हणे."

"काल पुरली नाही. म्हणून घरून आणखी वेण्या आणल्या, रात्री त्यातल्या थोड्या उरल्या, त्या पाणी मारून, ओल्या फडक्यात ठेवून आज आणल्या. आजच्यांत मिसळून." त्यांनी दिव्याकडे खुन्नस दिल्यासारखं पाहिलं. "एकजात सगळ्या बायकांनी ओळखल्या. लांबूनच! आधी तो मेला ताजा माल शिळा दाखवत होता. आता शिळा माल शिळाच दाखवतो. काहीच मदत करत नाही."

"मग काय केलंत त्यांचं?"

"काय करणार? देवळासमोरच्या गाईला दिल्या. तिला दिव्याशी देणंघेणं नाही."

हसत हसत त्यांनी एक गजरा काढला आणि माझ्यापुढे धरला. "हा घ्या. हा आजचा."

मी तो घेतला आणि हात सवयीने वर गेला, दिव्याकडे.

"ताई!"

"बघत नाहीये," मी म्हणाले. "दिव्याला दाखवतेय."

गजरा पांढराशुभ्र होता. तिथेच उभी राहून मी तो केसांत माळला.